इंग्लंडमधलं आई-बाबांचं घर विकताना टायटलवरचं ‘फॉर्म ए’ रिस्ट्रिक्शन आडवं आलं तर

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे इस्टेटीचा कारभार पाहण्याचा अधिकृत परवाना, हातात आलेलं असतं, घराला गिऱ्हाईक मिळालेलं असतं, किंमतही ठरलेली असते. मग घेणाऱ्याच्या सॉलिसिटरचं, म्हणजे वकिलाचं, पत्र येतं: टायटलवर, म्हणजे घराच्या सरकारी मालकी-नोंदीवर, रिस्ट्रिक्शन (व्यवहारावर बंधन घालणारी नोंद) आहे आणि विकणारी व्यक्ती एकटीच आहे, तर दुसरा ट्रस्टी (विश्वस्त) कोण ते कळवा. घरातल्या कुणालाच यातलं काही माहीत नसतं. बाबा जाऊन बारा वर्षं झालेली असतात, आई गेल्या वर्षी गेलेली असते, आणि त्या नोंदीतले ‘कोर्टाच्या आदेशाशिवाय’ हे शब्द वाचून सगळ्यांचा धीर सुटतो.

लेस्टर, स्लाव, हॅरो भागातल्या मराठी कुटुंबांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो, त्याला कारण आहे. १९६० आणि ७०च्या दशकांत डॉक्टर, नर्स, इंजिनिअर म्हणून आलेल्यांची पिढी आता सरते आहे. एक मूल इथे, एक पुण्यात किंवा मुंबईत, अशी विभागणी अनेक घरांत असते. कागदपत्रांची दगदग नको म्हणून इथलं मूल एकट्याच्याच नावावर प्रोबेट काढतं. त्या वेळी सोयीचा वाटलेला हा निर्णय विक्रीच्या वेळी नडतो.

पुढे लिहिलंय ते इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची जमीन-नोंदणी वेगळी आहे, तिथे हे लावू नका.

आधी नोंद नीट वाचा

एचएम लँड रजिस्ट्रीच्या सरकारी संकेतस्थळावरून रजिस्टरची प्रत ७ पौंडांत मिळते. शोधताना वरती दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर त्याच प्रतीसाठी कितीतरी जास्त पैसे उकळले जातात, तिकडे जाऊ नका. रजिस्टरचे तीन भाग असतात. ‘ए’मध्ये मालमत्तेचं वर्णन, ‘बी’मध्ये मालक, ‘सी’मध्ये गहाण आणि इतर बोजे. आपल्याला हवी ती नोंद ‘बी’मध्ये, आई-बाबांच्या नावांखाली असते. ‘नो डिस्पोझिशन बाय अ सोल प्रोप्रायटर’ अशी तिची सुरुवात असेल, तर ते फॉर्म ए रिस्ट्रिक्शन. मथितार्थ असा: ज्यातून भांडवली रक्कम हाती येणार आहे असा एकट्या मालकाने केलेला व्यवहार, तो मालक ट्रस्ट कॉर्पोरेशन (ट्रस्ट सांभाळणारी मान्यताप्राप्त संस्था) नसेल तर, कोर्टाच्या आदेशाशिवाय नोंदवला जाणार नाही.

यातला ‘एकट्या’ हा शब्द धरून ठेवा. नोंद विक्रीला बंदी करत नाही. एकट्याने पैसे घेण्याला बंदी करते. विकणारे दोघे झाले की हे बंधन लागूच होत नाही आणि कोर्टाचा विषयही संपतो. कोर्टात जावं लागलेलं कुटुंब क्वचित सापडेल.

नोंदीच्या आधी कंसात तारीख असते, तीही पाहा. ती घर घेतल्याच्या वेळचीच असेल, तर दोघांनी पहिल्यापासून ‘टेनंट्स इन कॉमन’ म्हणून, म्हणजे आपापले हिस्से वेगळे ठेवून, घर घेतलं होतं. नंतरची असेल, तर मधे कधीतरी त्यांनी हिस्से वेगळे केले, आणि बहुतेक वेळा ते मृत्युपत्र करताना केलेलं असतं. ९ ऑक्टोबर २००७च्या आधीची तारीख दिसली, तर वारसा-कर वाचवण्यासाठी मृत्युपत्रात ट्रस्ट घातला असण्याची दाट शक्यता आहे. त्या दिवसापर्यंत पहिल्या जोडीदाराची न वापरलेली करमुक्त मर्यादा दुसऱ्याला मिळत नसे, म्हणून सॉलिसिटर हा सल्ला सर्रास देत. त्यानंतरची असेल, तर केअर होमच्या खर्चापासून अर्धं घर वाचवणं किंवा पहिल्या लग्नाच्या मुलांचा हिस्सा राखणं, ही कारणं जास्त करून असतात.

म्हणजे ही नोंद कुणाच्या चुकीने राहून गेलेली नाही. आई-बाबांपैकी कुणीतरी विचार करून ती करवून घेतली आहे. पहिला प्रश्न ‘ही काढायची कशी’ असा विचारण्याऐवजी ‘ही कुणाच्या हिश्शासाठी आहे’ असा विचारा. पुढचा अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

घराच्या दोन मालक्या

१९२५च्या लॉ ऑफ प्रॉपर्टी ॲक्टपासून इंग्लंडमध्ये एकत्र घेतलेल्या घराची मालकी दोन पातळ्यांवर असते. रजिस्टरवरची कायदेशीर मालकी ही नेहमीच सामाईक असते. तिचे हिस्से पडत नाहीत, आणि एक मालक गेला की ती आपोआप उरलेल्याकडे जाते. तिच्या आत असते ती लाभाची मालकी, म्हणजे पैशांवरचा हक्क. तिचे मात्र अर्धे-अर्धे किंवा कसेही हिस्से पडू शकतात, आणि तो हिस्सा मृत्युपत्राने कुणालाही देता येतो.

बाबा आधी गेले, तर रजिस्टरवरचं घर आईकडे आलं. बाबांच्या अर्ध्या हिश्शाचा लाभ मात्र त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे गेला. समजा तो मुलांना, आईला हयातभर राहण्याचा हक्क ठेवून, दिला आहे. मग आई त्या अर्ध्याची ट्रस्टी झाली. ट्रस्टच्या जमिनीचे पैसे निदान दोन ट्रस्टींनी किंवा ट्रस्ट कॉर्पोरेशनने घेतले पाहिजेत, असं त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं. तसे घेतले की हिस्सेदारांचा हक्क घरावरून सुटून पैशांवर जातो आणि घेणाऱ्याला निर्वेध घर मिळतं. घेणाऱ्याचा सॉलिसिटर अडून बसतो तो यासाठी. त्याच्यावर चिडून उपयोग नाही.

इथे एक गैरसमज फार महागात पडतो. बाबांचे एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणायला नेमलेले, म्हणतात, ‘अर्धं घर बाबांचं, तेवढं आम्ही विकणार’, आणि एएस१ हा मालमत्ता वारसाच्या नावे करण्याचा फॉर्म भरून लँड रजिस्ट्रीकडे पाठवतात. तो परत येतो. बाबांचा हिस्सा रजिस्टरवर नाहीच, तो पडद्याआडचा आहे. विकण्याचा अधिकार शेवटी हयात असलेल्या मालकाचा, आणि तिच्यानंतर तिच्या एक्झिक्युटरांचा. बाबांचं प्रोबेट लागतं ते त्यांचा हिस्सा कुणाकडे गेला हे दाखवायला.

आता तुमची परिस्थिती कुठली?

आईच्या प्रोबेटवर दोन एक्झिक्युटरांची नावं असतील, तर तुम्ही जवळजवळ सुटलात. दोघांनी टीआर१ या ट्रान्सफर डीडवर (मालकी हस्तांतराच्या दस्तावर) सह्या करायच्या, सोबत बाबांचा मृत्यूचा दाखला आणि आईचं प्रोबेट द्यायचं. दोघं जण पैसे घेत आहेत, त्यामुळे रिस्ट्रिक्शनची अट पुरी होते. विक्रीआधी ती नोंद काढायची गरज नाही.

प्रोबेटवर एकच नाव असेल, तर खरी अडचण. बहुतेक वेळा झालेलं असं असतं: मृत्युपत्रात बहीण-भाऊ दोघे एक्झिक्युटर होते, भाऊ भारतात होता, म्हणून त्याचा अधिकार राखून ठेवून बहिणीने एकटीने प्रोबेट घेतलं. एरवी एकटा एक्झिक्युटर घर विकू शकतो, आणि बँका, शेअर, पेन्शन या सगळ्या ठिकाणी ते चालूनही जातं. म्हणूनच घराच्या वेळी धक्का बसतो. घरात ट्रस्टचा हिस्सा असला, की शेवटच्या ट्रस्टीच्या एकट्या एक्झिक्युटरला एकट्याने पैसे घेता येत नाहीत.

यावर उपाय दुसरा ट्रस्टी नेमण्याचा, आणि तो वाटतो त्याहून सोपा आहे. शेवटचा ट्रस्टी गेल्यावर नवे ट्रस्टी नेमण्याचा अधिकार ट्रस्टी ॲक्ट १९२५च्या कलम ३६ने त्याच्या एक्झिक्युटरला दिला आहे, म्हणजे बहिणीला. त्यात ती स्वतःलाही नेमू शकते. सॉलिसिटर एक छोटं नेमणूकपत्र डीडच्या रूपात तयार करतो, आईच्या जागी बहीण आणि आणखी एक व्यक्ती ट्रस्टी होतात, आणि टीआर१वर दोघं सही करतात. नव्या ट्रस्टीचं नाव आधी रजिस्टरवर चढवायची सक्ती नसते, नेमणूकपत्र विक्रीच्या कागदांबरोबरच जातं. भावाच्या नावे मागाहून प्रोबेट काढण्याचाही मार्ग आहे, पण तो लांबचा. गिऱ्हाईक ताटकळत असताना त्या वाटेला जाऊ नये.

दुसरं कोण असावं? कायद्याने कुणीही सज्ञान आणि सक्षम व्यक्ती चालते: नवरा, बायको, मावशी, सॉलिसिटरच्या फर्ममधला सहकारी. हिस्सेदार स्वतःही चालतो. बाबांच्या मृत्युपत्रात त्यांच्या ट्रस्टसाठी कुणाला नेमलं आहे ते आधी पाहा, तीच व्यक्ती सगळ्यात योग्य. आणि माझं ठाम मत असं, की कुटुंबात थोडीही कुरबुर असेल, सावत्र भावंडं असतील, तर दुसऱ्या बाजूचा विश्वास असलेली व्यक्तीच घ्यावी. बहिणीने घाईत आपल्या नवऱ्याला नेमलं तर कायदेशीरदृष्ट्या चूक काहीच नाही. पण ज्या अर्ध्या हिश्शासाठी बाबांनी ही नोंद करवली, त्याची राखण करायला त्या बाजूचं कुणीच राहत नाही. दुसरा ट्रस्टी नुसता सहीपुरता नसतो. पैसे योग्य माणसांकडे गेले की नाहीत याला तोही जबाबदार असतो, आणि सही करण्यापूर्वी त्याला हे स्पष्ट सांगायला हवं.

बाबा गेलेले, आई हयात, आणि घर तिच्या केअर होमसाठी विकायचं असेल, तर दुसरा ट्रस्टी आईच नेमते. तिची समज राहिली नसेल आणि नोंदलेलं लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी (समज गेल्यावरही चालणारं कुलमुखत्यारपत्र) असेल, तर तिच्या वतीने ॲटर्नीलाही, म्हणजे मुखत्यारालाही, नेमणूक करता येते. मात्र त्याने स्वतःलाच दुसरा ट्रस्टी करून दोन्ही सह्या आपणच केल्या, तर त्या दोन धरल्या जात नाहीत.

पुण्याच्या भावाचं पॉवर ऑफ ॲटर्नी

वरचं शेवटचं वाक्य आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचं आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. भारतात कुलमुखत्यारपत्र देऊन एका भावंडाने सगळ्यांच्या वतीने सही करायची, ही आपल्या अंगवळणी पडलेली रीत. त्याच सवयीने पुण्याचा भाऊ इथल्या बहिणीला पॉवर ऑफ ॲटर्नी पाठवतो. नोटरी होते, शिक्के बसतात, कुरियर येतं, आणि घेणाऱ्याचा सॉलिसिटर ते नाकारतो.

तो बरोबर असतो. ट्रस्टी डेलिगेशन ॲक्ट १९९९चं कलम ७ सांगतं, की एकाच व्यक्तीने स्वतः ट्रस्टी म्हणून आणि दुसऱ्या ट्रस्टीचा मुखत्यार म्हणून केलेल्या कृतीने दोन ट्रस्टींची अट पुरी होत नाही. कायद्याला दोन सह्या नकोत, दोन माणसं हवीत. भावाला पॉवर द्यायचंच असेल, तर ते तिसऱ्या कुणाला तरी द्यावं, म्हणजे बहीण आणि ती तिसरी व्यक्ती मिळून दोघं होतात.

त्याहून सरळ म्हणजे भावाने पुण्यातच टीआर१वर सही करावी. साक्षीदार म्हणून व्यवहारात नसलेली कुणीही सज्ञान व्यक्ती चालते, शेजारीसुद्धा. पण तिने सही होताना प्रत्यक्ष समोर असायला हवं, व्हिडिओ कॉलवरची साक्ष लँड रजिस्ट्री घेत नाही. साक्षीदाराने आपली सही, नाव, पत्ता तिथल्या तिथे लिहावा. कागदावर तारीख घालू नये, ती पैसे हाती येण्याच्या दिवशी सॉलिसिटर घालतो. भावाची ओळख पटवण्यासाठी पासपोर्टची प्रत कुणी प्रमाणित करायची, हे सॉलिसिटरला आधीच विचारून घ्या, दर फर्मचा नियम वेगळा असतो.

आणि एक: मुंबईच्या कोर्टातून आईच्या मृत्युपत्रावर घेतलेलं प्रोबेट इथल्या घरासाठी तसंच्या तसं चालत नाही. लँड रजिस्ट्रीला इंग्लंडमधला अधिकार दाखवावा लागतो.

नोंद खरंच काढता येते तेव्हा

बाबांनी आपला हिस्सा सरळ आईलाच दिला असेल, कुठलाही ट्रस्ट नसेल, तर दोन्ही लाभ आईकडे एकत्र आले आणि नोंदीचं कारण संपलं. मग आरएक्स३ फॉर्मने ती रद्द करायचा अर्ज करता येतो. त्यासोबत एसटी५ हे सत्यकथन, बाबांचं प्रोबेट, आणि हिस्सा कसा आला याची साखळी दाखवावी लागते. मधल्या काळात कुणी त्या हिश्शावर कर्ज काढलं नाही, कुणी दिवाळखोर झालं नाही, हेही सांगावं लागतं. सत्यकथनावर खोटी सही करणं गंभीर गोष्ट आहे, ‘आमच्यात काही वाद नाही’ एवढ्यावर ते भरू नका.

पण पुरावा पक्का असला तरी मी हा मार्ग दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. बाबांचं मृत्युपत्र सापडत नाही, त्यांचं प्रोबेट कधी काढलंच नव्हतं, २००७पूर्वीच्या ट्रस्टमध्ये आईने आपण बाबांच्या ट्रस्टींचे पैसे देणं लागतो असं मान्य केल्याचा एखादा कागद कपाटात निघतो, अशा गोष्टी या वाटेवर भेटतात. दुसरा ट्रस्टी नेमण्यासाठी यातलं काहीच लँड रजिस्ट्रीला सिद्ध करून दाखवावं लागत नाही. पैसे वाटताना मात्र हे सगळं पाहावंच लागतं.

विक्री न करता घर मुलांच्याच नावावर करायचं असेल, तर नोंदीतले ‘भांडवली रक्कम’ हे शब्द आठवा. ज्या व्यवहारात पैसे हाती येत नाहीत तो फॉर्म एमध्ये अडकत नाही.

नावांचा घोळ

रजिस्टरवर वडिलांच्या नावासह तीन शब्दी नाव, मृत्यूच्या दाखल्यावर दोन शब्दी, पासपोर्टवर आडनाव आधी, आईच्या जुन्या कागदांवर माहेरचं नाव. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण लँड रजिस्ट्रीला ती वेगवेगळी माणसं वाटू शकतात. विवाहाचा दाखला, जुना पासपोर्ट, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं सॉलिसिटरचं पत्र यांनी सहसा भागतं. हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. आईचं लग्न भारतात झालं असेल आणि दाखलाच नसेल, तर पर्यायी पुरावे जमवायला वेळ लागतो. प्रोबेटच्या अर्जातच रजिस्टरवरचं नाव ‘या नावानेही ओळखले जाणारे’ म्हणून घालून घेतलंत, तर पुढचा बराचसा त्रास वाचतो.

पैसे कुणाचे आणि कर कुणाचा

विक्रीचे सगळे पैसे आईच्या मृत्युपत्राप्रमाणे वाटून टाकणं ही सगळ्यात मोठी घोडचूक. आईचा हिस्सा तिच्या मृत्युपत्राने जातो, बाबांचा बाबांच्या मृत्युपत्राने. दोन्हीत तीच मुलं, तेच वाटे असतील तर फरक पडत नाही. पण बाबांनी नातवंडांना काही ठेवलं असेल, तर ते त्यांचंच आहे आणि आई त्यात बदल करू शकत नव्हती.

करातही हिशेब वेगळा लागतो. आईला बाबांच्या हिश्शात हयातभराचा हक्क मृत्युपत्रानेच मिळाला असेल, तर वारसा-करासाठी तो हिस्सा सर्वसाधारणपणे आईच्या इस्टेटीत धरला जातो, आणि भांडवली नफ्यासाठी त्याची किंमत आईच्या मृत्यूच्या दिवशीची घेतली जाते. बाबांनी तो हिस्सा मुलांना थेट दिला असेल, तर मुलांची मूळ किंमत बाबांच्या मृत्यूच्या दिवशीची राहते. मधल्या बारा वर्षांत घर वाढलं असेल, तर तो नफा मुलांचा आणि करही त्यांचा. निवासी घरावर असा कर लागत असेल, तर विक्री पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत कळवून भरायचा असतो. थेट हिस्सा असलेलं मूल भारतात राहत असेल, तर त्याला कर निघत नसला तरीही त्या ६० दिवसांत विक्री कळवावी लागते, आणि भारतातल्या विवरणपत्रातही ती दाखवावी लागते. हे पुण्याच्या भावाला आठवणीने सांगायला हवं.

मजकूर वेगळाच असेल तर

रिस्ट्रिक्शन अनेक प्रकारची असतात. फ्लॅट असेल तर मॅनेजमेंट कंपनीचा दाखला मागणारी नोंद असते, तिचे पैसे आणि वेळ आधीच धरा. कर्जदाराची संमती मागणारी नोंद कर्ज फिटल्यावर त्याच्याकडूनच काढून घ्यावी लागते. फॉर्म के असेल, तर हिस्सेदारांपैकी कुणावर तरी कोर्टाच्या हुकमाने आलेला बोजा आहे, आणि त्या धनकोला विक्रीची लेखी सूचना दिल्याचा दाखला लागतो. फॉर्म एलएल ही फसवणूक रोखण्यासाठी असते, सही करणारा तोच मालक आहे असं सॉलिसिटरने प्रमाणित केलं की झालं. दोन-तीन नोंदी एकाखाली एक असू शकतात. पहिली सोडवली म्हणून थांबू नका.

घर एजंटाकडे देण्याआधी सॉलिसिटरला पाठवायच्या पत्रात एवढं लिहा: रजिस्टरची ताजी प्रत सोबत आहे, ‘बी’ भागात फॉर्म ए रिस्ट्रिक्शन आहे, अमुक मालक अमुक साली आणि अमुक अमुक साली वारले, दोन्ही मृत्युपत्रं आणि जी असतील ती प्रोबेटं जोडली आहेत, प्रोबेटवर एकाचंच नाव आहे, दुसरा ट्रस्टी म्हणून आम्ही यांचं नाव सुचवतो, ते या देशात राहतात, आणि नेमणूकपत्राचा मसुदा गिऱ्हाईक येण्याआधी तयार हवा आहे.